बिनवासाचा गॅस

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

अपेक्षाने आज ही वही हातात दिली. म्हणाली, "अहो, भट्टीचे आकडे मी लिहिते, राग तुम्ही लिहा. म्हणजे तो भागूबाईवर निघणार नाही." भागूबाई आमच्याकडे लाकूड फोडायला येते. काल मी तिच्यावर ओरडलो, ती रुसून बांधावर जाऊन बसली, मग लाकूड कोणी फोडलं? मीच. म्हणजे बायकोचं म्हणणं बरोबर आहे, पण ते तिला सांगायची काही गरज नाही.

तर राग. आजचा राग टारवर आहे. करमाडच्या मळ्यात, घरापासून हाकेच्या अंतरावर आमची पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात मी शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून स्वतः उभा केलेला गॅसिफायर आहे. उभ्या पिंपात लाकडाचे तुकडे टाकायचे, हवा मुद्दाम कमी द्यायची, लाकूड धड जळत नाही आणि त्यातून जळणारा गॅस निघतो. तो ब्लोअरने ओढून नळीतून भट्टीला द्यायचा. सिलिंडर नको, डिझेल नको. वेडी बाभूळ तर रानोमाळ माजलीय, फुकट घेऊन जा म्हणतात लोक. पण या बाभळीच्या गॅसबरोबर डांबरासारखा चिकट काळा रस येतो. तोच टार. नळीत, ब्लोअरमध्ये, बर्नरच्या भोकांत जाऊन बसतो आणि दोन तासांत भट्टी विझते.

शहरातल्या छावणी भागातले बद्रीनाथशेठ खारी-टोस्टची बेकरी चालवतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: "सत्यमराव, तुमच्या शेडमधली छोटी भट्टी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालवून दाखवा. विझली नाही तर माझ्या बेकरीत बसवा." संक्रांतीच्या आत दाखवायचंय.

आज टार खरवडताना गॅसचा मीटरही पुन्हा बोंबलायला लागला. या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, विषारी असतो, त्यासाठी तो आणलेला. पण लाकूड टाकायला झाकण उघडलं की हा सुरू. माझे वडील, आबा, घराच्या ओसरीवरून ओरडले, "त्याचा गळा दाब आधी." मी सेल काढून तो कपाटात टाकला. तसाही कच्च्या लाकडाचा धूर डोळ्यांत झोंबतो, नाकात शिरतो, गळती झाली तर माणूस आपोआप बाहेर पळतो. नाकासारखा मीटर नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

अपेक्षा बी.एस्सी. केमिस्ट्री आहे आणि हे ती मला विसरू देत नाही. तिने कुठला तरी शोधनिबंध वाचून काढलाय. लाकूड गॅसिफायरमध्ये टाकण्याआधी भाजून घ्यायचं. जाळायचं नाही, भाजायचं. बंद पिंपात, हवा न लागू देता, अडीचशे-पावणेतीनशे अंशांवर. ओल निघून जाते, टारचा मालमसाला बराचसा तिथेच निघून जातो, लाकूड ठिसूळ होतं आणि गॅस जास्त कसदार निघतो.

आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे शेंगाच की. कच्च्या राह्यल्या तर दाताला चिकटत्यात, लई भाजल्या तर करपत्यात." आईला जे कळायला एक मिनिट लागलं ते मला कळायला दोन दिवस लागले, हे अपेक्षाने जेवताना सगळ्यांना ऐकवलं.

पहिला घाणा काढला. बदामी रंगाचा निघाला. तुकडा हातात घेऊन मोडला तर कट्कन मोडला, कच्ची बाभूळ कुऱ्हाडीलाही दाद देत नाही. भागूबाई म्हणाली, "हे पहिल्यांदा का नाय केलं? माझे हात गेले ना फोडून." हिला कधी आनंद होतो का?

सोमवार, ८ डिसेंबर

सगळी नळी उघडली, ब्लोअरच्या पुढच्या जोडावर टारचा बोटभर थर बसला होता तो छिन्नीने खरवडून लख्ख केला, जुनंच पॅकिंग परत लावून बोल्ट आवळले. मग कॉफीच्या रंगावर भाजलेलं लाकूड टाकलं. दोन तास झाले, ज्योत तशीच. दुपार झाली, तशीच. दिवस कलायला मी स्वतः बंद केली, ती विझली नाही. बर्नर उघडला तर कोरडा. ज्योत आधी पिवळी-तांबडी, धूर सोडणारी असायची, आज निळसर आणि शांत.

आणि वास नाही. शेडमध्ये धुराचा वासच नाही! आबा आत आले, इकडं तिकडं बघून म्हणाले, "बंद हाय का?" मी भट्टीकडे बोट दाखवलं. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दहावीच्या निकालाला मारली होती, त्यानंतर आजच.

अपेक्षा म्हणते, टार कमी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त, म्हणून गॅसचा कस वाढलाय. असेल. आज मी कुणावरही ओरडलो नाही.

बुधवार, १० डिसेंबर

आज भट्टीपेक्षा मोठी गोष्ट. नीट लिहितो.

अपेक्षाला कालपासून मळमळतंय. आज दुपारी शेडमध्ये आकडे घेताना चक्कर आली, चहा नको म्हणाली. चहा नको म्हणणारी अपेक्षा मी पाच वर्षांत पाहिलेली नाही. आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि देवासमोर साखर ठेवायला उठली.

लग्नाला पाच वर्षं झाली. दोन दवाखाने, गोळ्या, सुया, सगळं झालं. तिची पाळी कधीच वेळेवर नसते, म्हणून दर खेपेला आशा लागते, दर खेपेला ती किट आणते आणि न्हाणीघरातून बाहेर येते तेव्हा तिचं तोंड बघवत नाही. मी म्हटलं, किट आणू का? ती म्हणाली, "नको. या वेळी नको. आपण दोन महिने काही बघायचंच नाही. पाया पडते तुमच्या." मी हो म्हटलं.

भट्टी चालली आणि घरात पाळणाही हलणार. एकदम दोन्ही. भीतीच वाटते.

शनिवार, १३ डिसेंबर

थंडी कडक आहे. शेडची पूर्वेची बाजू उघडी होती, तिथून वारा येतो, ज्योत हलते, आकडे खालीवर होतात. शिवाय आता अपेक्षाला गार वारा लागू द्यायचा नाही. दिवसभर राबून ती बाजू पत्रे मारून बंद केली, एक दार ठेवलं. भट्टीच्या उबेला तिची खुर्ची ठेवली, पाठीला उशी दिली. राणी बसावी तशी बसली आहे. काम आता फक्त तासातासाला आकडे टिपायचं.

आबाही आता पेपर घेऊन तिथंच बसतात. पूर्वी धुरामुळे शेडकडे फिरकत नव्हते. भागूबाईला म्हटलं तूही आत ये, थंडीत कशाला मरतेस, तर म्हणे मोबाइलला रेंज फक्त कडुनिंबाखाली येते. दिवसभर तिथं बसून लाकूड फोडते आणि बहिणीशी भांडते.

नावावरून आमची वादावादी झाली. मुलगी झाली तर राजनंदिनी, असं अपेक्षा म्हणते. मी म्हटलं, एवढं लांबलचक नाव शाळेच्या दाखल्यात मावायचं नाही. आबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी." तरी त्यांच्या मिशीखाली हसू होतं. आईने जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवायला घेतलंय.

रविवार, १४ डिसेंबर

शेड बंद. आबा आणि मी पाचोडच्या बाजाराला गेलो. आलो तर अपेक्षा ठणठणीत. भाकरी केल्या, कोरड्यास केलं, पोटभर जेवली. मी म्हटलं, "वा! आज मळमळ नाही?" मला वाटलं खूश होईल, तर तोंड पाडून बसली. रडलीच बहुतेक. संध्याकाळी म्हणाली, उद्या लवकर भट्टी पेटवा, मला आकडे घ्यायचेत. मी म्हटलं, उद्या आराम कर. नको म्हणाली, घरात करमत नाही.

बायकांचं मन कळत नाही हे म्हणतात ते खोटं नाही. बरी नसली की हसते, बरी असली की रडते.

गुरुवार, १८ डिसेंबर

दिवस वाईट गेला. डोकं सकाळपासून ठणकतंय. घाणा जास्त भाजला गेला, कोळशासारखा काळा निघाला. भाजायला शंभर किलो घातलं तर हातात जेमतेम निम्मं आलं. गॅस स्वच्छ आहे, पण एवढं लाकूड घालवून स्वच्छ गॅस काय चाटायचा? कॉफी रंगाच्या पुढे जायचं नाही, हे पक्कं झालं. ते माझं मलाच कळायला हवं होतं, पण मी अपेक्षावर ओरडलो. घड्याळ तू बघायला हवं होतंस म्हटलं. ती बिचारी डोकं धरून बसली होती. डोळे मिटत होते तिचे. "बघितलं होतं हो," म्हणाली, "मग विसरले."

मीही आजकाल विसरतो. आत्ता काहीतरी लिहायचं होतं, आठवत नाही. जागरण नाही, काही नाही. बद्रीनाथशेठचं टेन्शन असणार.

हां, आठवलं. अपेक्षाने कपाटातून मीटर काढला होता. "सेल घालू का याच्यात?" मी विचारलं, "कशाला? वास येतोय का कुठं?" तिने मान वर करून चारी बाजूंनी वास घेतला. "नाही." "धूर दिसतोय?" "नाही." "मग?" तिने मीटर परत ठेवून दिला.

छावणीत जाऊन शेठना भाजलेल्या लाकडाचा तुकडा दाखवला. त्यांनी तो नाकाशी नेला. गॅसला वास येत नाही म्हटल्यावर खूश झाले. बेकरीच्या मागे एक बंद खोली आहे, कामगार तिथंच झोपतात, गॅसिफायर तिथंच बसवू म्हणाले. मी म्हटलं, बसवू. शहरात गेलं की डोकं हलकं होतं. शेठशी बोलून हुरूप येतो म्हणून असेल.

मंगळवार, २३ डिसेंबर, दुपार

हसून हसून पोट दुखतंय म्हणून लगेच लिहून ठेवतो.

मी मघाशी जेवायला घरी आलो. अपेक्षा शेडमध्येच थांबली, दोनचे आकडे घेऊन येते म्हणाली. भट्टी सकाळपासून चालू आहे, आज आम्ही दिवसभराची रंगीत तालीम करतोय. इतक्यात आबा शेडकडून आले ते भेलकांडत. ओसरीवर टेकले आणि भडाभडा ओकले. "लई डोकं धरलंय," म्हणाले, "अन् मळमळतंय सकाळधरनं. च्याबी नको." आईने त्यांना पाणी दिलं, कपाळाला हात लावला, ताप नाही. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता गं बया! सूनबाईचं झालं, आता ह्यान्लाबी डोहाळे लागले का काय?"

आबासुद्धा ओकता ओकता हसले. मी तर ताट बाजूला सारून हसलो. चहा नको म्हणणारे आबा! अपेक्षा आली की तिला सांगतो, सासऱ्यालाही दिवस गेले म्हणून. दोघांचंही एकसारखंच, डोकं, मळमळ, चहा नको. आणि आबाही तिच्यासारखेच आठवडाभर शेडमध्येच

बुधवार, २४ डिसेंबर, दवाखाना

ती जिवंत आहे. हे पहिलं.

काल वही तशीच टाकून पळालो. शेडचं दार आतून लावलेलं होतं. लाथेने तोडलं. अपेक्षा टेबलावर डोकं ठेवून बसली होती, पेन हातात होता. हाक मारली, हलवलं, मान लुळी. ओठ बघून मला वाटलं संपलं. आत काहीच नव्हतं. धूर नाही, वास नाही, भट्टी शांत निळी जळत होती. तिला एकट्याने उचलता येईना. भागूबाई कडुनिंबाखालून धावत आली, दोघांनी ओढून तिला बाहेर काढलं. भागूबाई तिच्या तोंडावर पाणी मारत "पोरी, पोरी" म्हणत रडत होती. ब्लोअर कुणी बंद केला मला आठवत नाही. करमाडच्या एकाने गाडी काढली. जालना रोडने शहरात येईपर्यंत मी खिडकीतून तिचं तोंड बाहेर धरून बसलो होतो, रस्त्यातली माणसं बघत होती.

दवाखान्यात मी एकच सांगितलं, "कार्बन मोनॉक्साइड." लगेच ऑक्सिजन लावला. आबांनाही लावला. मलाही थोडा वेळ. दोन तासांनी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "दोनचे आकडे राहिले ना?"

डॉक्टरबाईंनी विचारलं, पेशंट गरोदर आहे का? मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "व्हय, व्हय. दिस गेलेत. लेकराला काय होणार नाय ना बाई?" डॉक्टरबाई म्हणाल्या, बघू, रक्त तपासू.

आज सकाळी रिपोर्ट आला. गरोदर नाही. नव्हतीच. मळमळ, चक्कर, चहा नको, सगळं त्या गॅसचं होतं.

अपेक्षाला मी सांगायला हवं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं. तोंडावर मास्क होता, त्यामुळे तिचं तोंड मला दिसलं नाही. डोळे दिसले. तिने भिंतीकडे कूस केली.

आई बाहेर बाकावर बसली आहे. मला पाहून म्हणाली, "मीच साखर ठिवली देवापुढं." मी म्हटलं, "आई, तुझं काय चुकलं त्यात?" ती उठून पाणी प्यायला गेली.

शनिवार, २७ डिसेंबर

आबा बरे. अपेक्षा घरी आली. डोकं अजून दुखतं, पण बरी होईल म्हणतात. आईने दुपट्याचं शिवण कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही.

आज शेडचं दार उघडं टाकून, मीटरला सेल घालून, ब्लोअर नुसता फिरवला आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ओतलं. ब्लोअरच्या पुढच्या जोडावर, मी छिन्नीने लख्ख केला होता त्याच, बुडबुडेच बुडबुडे. पॅकिंग कधीच गेलेलं. आधी कच्च्या लाकडाचा टार तिथं बसून फट आपोआप बुजायची. ज्याला मी शिव्या दिल्या, तो टार आमची गळती बुजवत होता, आणि जी काही गळती उरायची ती वासाने कळत होती. मी दोन्ही घालवलं. गॅस स्वच्छ केला, जास्त कसदार केला, म्हणजे जास्त विषारी केला, आणि त्याचा वास काढून टाकला. वर भिंत बांधली. उशी दिली पाठीला.

नाकासारखा मीटर नाही, असं मीच लिहिलंय मागे. ते पान फाडावंसं वाटलं, फाडलं नाही.

संध्याकाळी पत्रे उपटले. पूर्वेचे नाही फक्त, चारी बाजूंचे. भागूबाई न सांगता मदतीला आली. आता फक्त छप्पर आहे आणि खांब.

सोमवार, १२ जानेवारी २०२६

आज बद्रीनाथशेठ सकाळीच आले. अपेक्षा म्हणाली होती, चाचणी घ्यायचीच. मी नको म्हणत होतो. तिने तिथं येऊ नये असं मला वाटत होतं, पण तिने खुर्ची स्वतः उचलून कडुनिंबाखाली नेली आणि आकड्यांची वही मांडीवर घेतली.

जोडाला नवं पॅकिंग घातलंय. दोन मीटर टांगलेत, दोन्ही चालू. आणि अपेक्षाच्या हिशोबाने चार टोपल्या भाजलेल्या लाकडाला एक टोपली कच्चं. मुद्दाम. गॅसचा कस त्याने थोडा उतरतो, बर्नर दिवसातून एकदा पुसावा लागतो, पण भट्टी विझत नाही. दिवस मावळेपर्यंत चालली. शेठनी स्वतः आणलेल्या पिठाची खारी त्यात भाजून बघितली. चांगली फुलली.

"सगळं झकास," शेठ म्हणाले, "पण सत्यमराव, धुराचा वास येतोय की हो. तुम्ही तर बिनवासाचा म्हणला होता."

मी तोंड उघडायच्या आत कडुनिंबाखालून अपेक्षा म्हणाली, "येऊ द्या, शेठ. आलाच पाहिजे. तुमची माणसं त्या खोलीत झोपतात ना?"

मग मी सगळं सांगितलं. सेल काढल्यापासून रिपोर्टपर्यंत. शेठ ऐकत राहिले. खारीचा तुकडा हातातच राहिला. म्हणाले, "त्या खोलीला खिडकी एकच हाय." मी म्हटलं, "मग त्या खोलीत नाही बसवायचा. उघड्या अंगणात बसवू, नाहीतर नको." शेठ म्हणाले, बघतो. बघतो म्हणजे काय ते मला अजून माहीत नाही. गाडीत बसताना त्यांनी अपेक्षाला हात जोडले.

ते गेल्यावर मी ब्लोअर बंद केला. अपेक्षा वही मिटून म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. ओरडू नका."

"नाही ओरडत."

"घरी असले की मळमळ थांबायची. त्या रविवारी तर काहीच झालं नाही. मला वाटलं, गेलं. पुन्हा गेलं." ती मांडीवरच्या वहीकडे बघत बोलत होती. "सोमवारी शेडमध्ये येऊन बसले, तर तासाभरात परत मळमळायला लागलं. इतकं बरं वाटलं मला. वाटलं, आहे. आहे अजून. म्हणून मी रोज यायचे हो. दार पण मीच आतून लावून घ्यायचे. मळमळ वाढली की हात पोटावर ठेवून बसायचे."

मी ओरडलो नाही. तिने ही वही मला राग लिहायला दिली होती, आणि आज राग एवढा आहे की पान फाटेल, पण समोर मीच आहे, दुसरं कुणी नाही. मी तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हाताला धुराचा वास येत होता. अंधार पडून आई हाक मारेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.